ऑनलाइन वर्गात परीक्षा नेमकी कशाची घ्यायची?

२०२० च्या ऑगस्टअखेर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परीक्षा न घेता अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना पदवी देता येणार नाही, आणि राज्यातल्या विद्यापीठांची धावपळ उडाली. कोरोनाच्या दिवसांत लाखो मुलांना बाकांवर बसवणं अशक्यच होतं. बहुतेक ठिकाणी वाट निघाली ती बहुपर्यायी प्रश्नांची. मोबाइल उघडा, चारपैकी एका गोलावर टिचकी मारा, वेळ संपायच्या आत सबमिट करा. पेपर चालू असताना व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर उत्तरं फिरत होती, हे मुलांना ठाऊक होतं, पालकांना ठाऊक होतं आणि आम्हा शिक्षकांनाही. निकाल झकास लागले. कुणाला काय येतं, याचा पत्ता त्यातून कुणालाच लागला नाही.

यावर उपाय म्हणून आली पाळत. कॅमेरा सुरू ठेवा, मान वळली की इशारा, दुसरा टॅब उघडला की नोंद, मागून आवाज आला की लाल खूण. दोन खोल्यांच्या घरात मागे धाकटा भाऊ जेवत असतो आणि आजी पोथी वाचत असते, हे त्या सॉफ्टवेअरला कोण सांगणार? अमेरिकेत ओहायो राज्यात एका विद्यार्थ्याला परीक्षेआधी वेबकॅम फिरवून स्वतःची झोपायची खोली दाखवावी लागली. तो क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाविरुद्ध कोर्टात गेला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये फेडरल न्यायाधीशाने ही खोलीची झडती घटनाबाह्य ठरवली.

माझं मत विचाराल तर 'ऑनलाइन कॉपी रोखायची कशी' या प्रश्नावर आपण गरजेपेक्षा जास्त डोकं आणि पैसा घालवला. ज्या प्रश्नाचं उत्तर दहा सेकंदांत शोधून सापडतं, तो प्रश्न परीक्षेत विचारायचाच कशाला, हे आधी ठरवायला हवं होतं. 'ऑथेंटिक असेसमेंट' नावाचा प्रकार तिथूनच सुरू होतो. नाव भारदस्त आहे, गोष्ट साधी आहे: त्या विषयातलं खरं काम मुलांकडून करून घ्यायचं आणि ते काम तपासायचं.

आरटीओचंच बघा. शिकाऊ लायसन्ससाठी संगणकावर प्रश्न सोडवायचे असतात, या चिन्हाचा अर्थ काय, त्या फलकाचा अर्थ काय. पक्क्या लायसन्ससाठी मात्र गाडी चालवूनच दाखवावी लागते. दुचाकीचा आठ काढताना पाय टेकला की संपलं. तिथे गाइड उघडं ठेवून बसायला परवानगी दिली तरी कुणाला काही फायदा नाही. आणि साहेबांना तुमच्यावर संशय घेण्याचीही गरज पडत नाही, कारण जे तपासायचं आहे ते समोर रस्त्यावर दिसतंय. दोन्ही परीक्षा लागतात, हेही विसरू नये. चिन्हं न ओळखणाऱ्याच्या हाती गाडी देऊन चालणार नाही. आपल्या शिक्षणाची अडचण एवढीच आहे की आपण पहिली परीक्षा पुन्हा पुन्हा घेतो आणि दुसरी घ्यायची राहूनच जाते.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ग्रँट विगिन्स यांनी १९८९-९० च्या सुमारास हा विचार नीट मांडला आणि पुढे तो जगभर गेला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: विद्यार्थ्याला इतिहास 'सांगायला' लावू नका, इतिहासकार जे करतो त्यातलं काहीतरी करायला लावा. काम थोडं अडनिडं असू दे, एकच ठरीव उत्तर नसलेलं. ते कशावर जोखणार हे आधीच उघड सांगा. सरावाची, चुकण्याची आणि सुधारून पुन्हा देण्याची संधी द्या. आपल्याला हे अगदीच नवं नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण देणारी नई तालीम मांडली होती. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली मुलं गावाच्या उपयोगी पडणारी कामं करता करता तंत्र शिकतात. केलेलं काम टिकलं की नाही, हे तिथे गुणपत्रिकेच्या आधी गावालाच कळतं.

आता हे ऑनलाइन कसं जमवायचं? एक काम जवळून बघू. वाणिज्य शाखेचा किंवा गणिताचा ऑनलाइन वर्ग आहे आणि विषय आहे टप्प्याटप्प्याची दररचना. आयकर, पाणीपट्टी, वीज, सगळीकडे लागणारी गोष्ट. नेहमीचा प्रश्न असतो, 'टेलिस्कोपिक दर म्हणजे काय? उदाहरणासह स्पष्ट करा.' याचं उत्तर नेटवर तयार आहे आणि ते सगळ्या वर्गाचं सारखंच येणार. त्याऐवजी मुलांना सांगायचं, घरचं महावितरणचं बिल काढा. तीन महिन्यांची बिलं घ्या, त्यात एक उन्हाळ्याचं हवं. गुगल शीटमध्ये ते बिल पुन्हा उभं करा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क, सगळं मांडा आणि शेवटची रक्कम छापील बिलाशी जुळवून दाखवा.

इथे गंमत सुरू होते. घरगुती बिलात ० ते १००, १०१ ते ३०० असे टप्पे असतात. समजायला सोपं जावं म्हणून पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये आणि पुढच्यांना १० रुपये दर धरू. खरे दर बिलावर दिलेले असतातच. एप्रिलमध्ये ९५ युनिट जळले, तर ४७५ रुपये. मे महिन्यात पंखे, कूलर आणि पाहुणे मिळून १९० युनिट झाले. वर्गातली बरीच मुलं १९० गुणिले १० करून १९०० लिहितात, कारण 'टप्पा बदलला' म्हणजे सगळे युनिट महाग झाले असा त्यांचा समज असतो. घरोघरी मोठ्या माणसांचाही हाच समज असतो. प्रत्यक्षात पहिल्या १०० चे ५०० आणि वरच्या ९० चे ९००, म्हणजे १४०० रुपये. वापर दुप्पट आणि रक्कम जवळजवळ तिप्पट. ज्याने १९०० लिहिले, त्याचं उत्तर छापील बिलाशी जुळत नाही, मग तो स्वतःच मागे जाऊन शोधायला लागतो की गडबड कुठे झाली. मी लाल शेरा मारण्यापेक्षा ही शोधाशोध कितीतरी मोलाची.

या कामाचे आणखी दोन भाग आहेत. एक, दोन मिनिटांची व्हॉइस नोट: बिल इतकं का वाढलं, ते घरातल्या मोठ्या माणसाला समजेल असं सांगा. अहिराणीत सांगा, मालवणीत सांगा, घरी जे बोलता त्यात सांगा. दुसरा, निर्णय: पंतप्रधान सूर्य घर योजनेत २०२४ पासून घराच्या छतावर तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठा सौर संच बसवणाऱ्याला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. तुमच्या घराला ते परवडेल का? इथे 'हो' म्हणणाऱ्यालाही पूर्ण गुण मिळू शकतात आणि 'नाही' म्हणणाऱ्यालाही. महिन्याला ९५ युनिटच लागत असतील, छत सोसायटीचं असेल, घर भाड्याचं असेल, तर 'नाही' हेच शहाणपणाचं उत्तर. फक्त ते हिशेबाने यायला हवं.

आता यात कॉपी कर म्हटलं तरी करणार काय? मित्राची शीट घेतली तर आकडे मित्राच्या बिलाचे. सूत्रं बघून घेतली, आपल्या आकड्यांना लावली, चुकलं तिथे मित्राला विचारलं, तर त्याला मी कॉपी म्हणणार नाही. कचेरीत माणसं असंच शिकतात.

वेब साधनाचा खरा उपयोगही इथेच कळतो. शीटमधल्या रकान्यावर क्लिक केलं की तिथे सूत्र आहे की नुसता टाइप केलेला आकडा, ते लगेच दिसतं. बिलावरचीच रक्कम खाली उतरवून 'जुळलं' म्हणणारा तिथल्या तिथे सापडतो. शिवाय गुगल डॉक्स आणि शीट्समध्ये फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपलेल्या असतात. काम सोमवारी सुरू झालं, बुधवारी एक सूत्र बदललं, गुरुवारी आकडा जुळला, हा सगळा माग दिसतो. मात्र हा इतिहास पाहायला शिक्षकाकडे त्या फाइलचा एडिटरचा अधिकार लागतो. नुसती बघण्यापुरती शेअर केलेली लिंक आली तर तो दिसत नाही. गुगल क्लासरूममधून काम देताना 'प्रत्येक विद्यार्थ्यासाठी प्रत' हा पर्याय निवडला की हा घोळ होत नाही. आणि एक सावधगिरी. सगळा मजकूर एका झटक्यात पेस्ट झालेला दिसला म्हणून लगेच चोर ठरवू नका. कुणी वहीत करून मग टाइप करतं, कुणी दुसऱ्याच ॲपमध्ये करतं, कुणाच्या घरी रात्री अकरानंतरच फोन हाती येतो. तिथे एक फोन करायचा आणि विचारायचं, 'मे महिन्याच्या ओळीतलं सूत्र कसं काढलंस, जरा सांग बरं.' ज्याने केलंय तो सांगतो. नसेल केलं तर तेही दोन वाक्यांत कळतं.

बिलावर नाव, पत्ता आणि ग्राहक क्रमांक असतो, तो अपलोड करण्याआधी झाकायला सांगणं ही शिक्षकाची जबाबदारी. वसतिगृहात राहणारी मुलं असतात, घरमालक एकाच मीटरवर ठोक पैसे घेतो अशीही घरं असतात. त्यांच्यासाठी दोन-तीन वेगवेगळी नमुना बिलं आधीच तयार ठेवायची आणि ती देताना 'तुझ्याकडे का नाही' असं चारचौघांत विचारायचं नाही. घरचा खरा कागद मागणाऱ्या कामात घरची खरी परिस्थितीही उघडी पडते, हे ध्यानात ठेवूनच काम द्यावं.

गुण कसे द्यायचे? इथे रुब्रिक लागतं, म्हणजे गुण कशाचे आणि किती, हे सांगणारा तक्ता. तो काम देतानाच मुलांच्या हातात पडायला हवा. बहुतेक ठिकाणी तो 'उत्तम, चांगले, साधारण' अशा तीन रकान्यांचा असतो आणि त्यातून कुणाला काही बोध होत नाही. उत्तम म्हणजे नेमकं काय? या कामाचं रुब्रिक मी वीस गुणांचं असं करीन: टप्पे सूत्राने वेगळे काढले आणि रक्कम बिलाशी जुळली, याला आठ. जुळली नाही, तरी फरक कुठून येत असावा ते लिहिलं, तर त्यातले पाच. व्हॉइस नोट ऐकून तिऱ्हाइताला वाढीचं कारण कळतं का, याला पाच. सोलरच्या निर्णयामागे स्वतःच्या घरचे आकडे आहेत का, याला पाच. पहिल्या मसुद्यावर मिळालेल्या सूचनेचं पुढे काय केलं, याला दोन. हे शेवटचे दोन गुण दिसायला किरकोळ आहेत, पण ते नसतील तर सूचना कुणी वाचतच नाही.

बाकीच्या साधनांविषयी आता भराभर. कहूट, मेंटिमीटर, गुगल फॉर्म यांतल्या प्रश्नमंजूषा सरावाला उत्तम. कालचं किती डोक्यात राहिलं ते पाच मिनिटांत कळतं, वर्गाला जागही येते. त्यांवर अंतिम गुण मात्र टांगू नयेत. पॅडलेटसारख्या ऑनलाइन भिंतीवर सगळ्यांचे मसुदे एकमेकांना दिसतात, तेव्हा 'अरे, असंही करता येतं' हे मुलं परस्परांकडून उचलतात. मूडल या ऑनलाइन वर्ग चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्कशॉप' नावाची सोय आहे. तिच्यात मुलं ठरलेल्या निकषांवर एकमेकांचं काम तपासतात आणि तपासण्याच्या कामालाही गुण देता येतात. विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करायचे आभासी प्रयोग, आहेत, त्यांतली कित्येक मराठीतही आहेत. तिथल्या विद्युत मंडलाच्या खेळात 'मंडल बनवा' असं सांगण्यापेक्षा, एक बिघडलेलं मंडल देऊन 'दुसरा दिवा मंद का जळतो ते शोध आणि दुरुस्त कर' असं सांगावं. वायरमनचं रोजचं काम तेच आहे.

भाषेच्या वर्गासाठी मला सगळ्यांत आवडतं ते मराठी विकिपीडिया. ते १ मे २००३ पासून सुरू आहे आणि त्यात आपल्या तालुक्यातल्या गावांवरचे, नद्यांवरचे, देवस्थानांवरचे लेख दोन ओळींचे पडून असतात. विद्यार्थ्याने त्यातला एक नीट लिहायचा, प्रत्येक विधानाला संदर्भ द्यायचा. आधी 'धूळपाटी'वर कच्चं लिहायचं, मग लेखात न्यायचं. 'इतिहास पहा' या टॅबमध्ये कुणी, कधी, काय बदललं त्याची पूर्ण नोंद राहते. आणि तपासणारे फक्त गुरुजी नसतात. दुसऱ्या गावचा कुणी अनोळखी संपादक संदर्भ नसलेलं वाक्य उडवून लावतो, कुठून तरी उचललेला परिच्छेद काढून टाकतो. 'आमचं देऊळ हजार वर्षं जुनं आहे' हे वाक्य कशाच्या आधारावर, असा प्रश्न पहिल्यांदा अंगावर येतो तेव्हा मुलं चिडतात, मग गॅझेटियर शोधायला लागतात. फक्त साठ मुलांना एकाच संध्याकाळी तिथे सोडू नये. जे स्वयंसेवक ते सांभाळतात त्यांना आपला गृहपाठ निस्तरत बसावं लागतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि घरी लिहून आणायच्या निबंधाचा निकालच लागला. दूरशिक्षणातल्या असाइनमेंटची 'सोडवलेली' उत्तरं त्याआधीही झेरॉक्सच्या दुकानात मिळतच होती. आता दुकानापर्यंत जायलाही नको. यावर 'एआय ओळखणारी' सॉफ्टवेअर विकली जातात. त्यांच्या भरवशावर कुणाला नापास करू नका. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने आपलं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांना आढळलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त या सॉफ्टवेअरनी यंत्राचे ठरवले. साधी, मोजक्या शब्दांची, पाठ्यपुस्तकी इंग्रजी त्यांना यंत्राची वाटते. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत पेपर लिहिणाऱ्या आपल्या मुलांवर याचा काय परिणाम होईल, ते वेगळं सांगायला नको.

त्यापेक्षा एआयलाच कामाला लावावं. वीजबिलाचा हिशेब त्याच्याकडून करून घ्या, तो संवाद जोडा आणि त्यात कुठे चुकलं, कुठे त्याने दर स्वतःच्या मनाने धरले, ते दाखवा. कुठेच चुकलं नसेल तर ते तुम्ही कसं पडताळलं ते लिहा. उद्या नोकरीतही हेच करावं लागणार आहे.

आता वेळेचं बोलू, कारण शिक्षक इथपर्यंत वाचून मनात तोच हिशेब करत असणार. वर्गात १२० मुलं. एकेका कामाला दहा मिनिटं धरली तरी १२०० मिनिटं, म्हणजे वीस तास, तेही एका विषयाच्या एका कामाला. हे होणार नाही, आणि 'मनावर घेतलं तर होतं' असं भाषण देणाऱ्यांनी बहुधा १२० पेपर तपासलेले नसतात. माझ्या मते वाट ही की कामांची संख्या निर्दयपणे कमी करायची. सत्रात पाच असाइनमेंटऐवजी एक, पण ती दोन टप्प्यांत. पहिला मसुदा मुलांनीच एकमेकांचा रुब्रिकवर तपासायचा. शिक्षकाने पंधरा-वीस मसुदे चाळायचे, वारंवार दिसणाऱ्या चार चुकांवर सगळ्यांसाठी एक पाच मिनिटांचा व्हिडिओ करायचा. अंतिम काम तपासताना प्रत्येकाला लेखी शेरा देण्यापेक्षा तीस सेकंदांची व्हॉइस नोट पटकन होते आणि मुलं ती ऐकतातही. तोंडी प्रश्न सगळ्यांना शक्य नाहीत, तेव्हा चिठ्ठ्या टाकून काहींना बोलवायचं, पण कुणालाही बोलावलं जाऊ शकतं हे सगळ्यांना आधी माहीत हवं.

साधन निवडताना पहिला प्रश्न असा: हे चार हजार रुपयांच्या जुन्या फोनवर, दिवसाच्या दीड जीबीत आणि घरात एकच फोन असताना चालेल का? नसेल तर ते कितीही देखणं असो, बाजूला ठेवा. व्हॉट्सॲपवरची व्हॉइस नोट आणि वहीच्या पानाचा फोटो एवढ्यावरही खरं काम देता येतं. उलट शेकडो रुपये वर्गणीच्या प्लॅटफॉर्मवर 'व्याख्या लिहा' हाच प्रश्न विचारला तर तो जुनाच पेपर राहतो, फक्त रंगीत होतो.

आणि सगळंच असं घ्यायचा अट्टहासही नको. परिचारिकेला औषधांच्या मात्रा पाठच हव्यात, अकाउंटच्या विद्यार्थ्याला कोणतं खातं डेबिट हे क्षणात सुचायला हवं, पाढे तर हवेतच. अशा गोष्टींसाठी छोटी, वारंवार होणारी, कमी गुणांची प्रश्नमंजूषा चांगली.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. ही साधनं कायमची नसतात. गुगलचं जॅमबोर्ड, म्हणजे वर्गाने मिळून लिहायचा ऑनलाइन फळा, २०२४ च्या अखेरीस बंद झालं. मुलांचे व्हिडिओ जमा करायला जगभरचे शिक्षक वापरत असलेलं मायक्रोसॉफ्टचं फ्लिपही स्वतंत्र ॲप म्हणून त्याच वर्षी गुंडाळलं गेलं. तेव्हा सत्र संपलं की विद्यार्थ्यांना आपापलं काम पीडीएफ करून, ध्वनिफीत उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवायला सांगा, आणि ते फोल्डर कॉलेजच्या खात्यावर नको, त्यांच्या स्वतःच्या खात्यावर असू दे. बऱ्याच ठिकाणी विद्यार्थी उत्तीर्ण झाला की कॉलेजचा ईमेल बंद होतो, आणि मुलाखतीत 'तुम्ही काय केलंय ते दाखवा' असं विचारतात तेव्हा तीच फाइल उघडत नाही.